मालकाचा रकाना

वसमतला मार्केट यार्डाच्या मागं
हळदीच्या धुरळ्यानं बारा महिने पिवळी असते ती भिंत आमच्या तबेल्याची.
आत खुंटीला एक लांब वही, लाल कापडी पाठीची,
किराणावाले उधारीला वापरतात तसली.
नाल ठोकायचं अब्बांकडं, लिहायचं माझ्याकडं.
सातवीपासून.

पान एकवीस.
नाव किशमिश. घोडी. रंग कुमैत.
उंची : पट्टी सापडली नाही, माझ्या हनुवटीएवढी.
खूण : मागचा डावा पाय पांढरा, मोज्याएवढाच.
भोवरा : गळ्याखाली एक.
बोकारे म्हणाले, देवमण लिहा की, भाव चढतो.
मी लिहिलं, गळ्याखाली एक.

मालक : केशवराज बोकारे, कंत्राटदार, नांदेड.
पोराच्या वरातीला घेतली.
वरात झाली, पोरगा-सून पुण्याला,
घोडी आमच्याकडं.
फोन दोन. दुसरा कुणाचा ते सांगितलं नाही.

चंदी दीड किलो, रात्री भिजवून.
कडबा झटकून टाकणे, धुळीनं खोकते.
जंताचं औषध, धनुर्वाताची सुई, तारखा शेजारी.
डावीकडून जवळ जाऊ नये
(हे डॉक्टरांनी नाही सांगितलं,
माझ्या खांद्यावर दातांची खूण आहे).
ताशाला भीत नाही. कुकरच्या शिट्टीला भिते.

एक रकाना मी वाढवला होता : मालक भेटीस आले.
पहिले चार रविवार गूळ घेऊन.
मग एक. मग आडवी रेघ,
रेघेखाली रेघ,
वहीला जणू कडबा फुटला.

भाद्रपदात एका रात्री ती पोटाकडं बघायला लागली.
खाली बसली, लोळली, उठली, परत लोळली.
डॉक्टर टेंगसे लुंगीवरच आले, म्हणाले,
नाकातून नळी घालावी लागंल. काही झालं तर?
मालकाची सही घ्या.
पहिला फोन बंद.
दुसरा हिंगोली रोडच्या पेट्रोलपंपावर वाजला,
झोपेतलं पोरगं म्हणालं, डिझेल संपलंय.

दातात टॉर्च धरून मीच केली सही.
मालकाच्या रकान्यात, शाहेदा नालबंद,
पेन इतकं दाबून की कागद रडकुंडीला आला.
मग पहाटेपर्यंत गोल गोल,
ती आणि मी, मी आणि ती,
यार्डाच्या वॉचमननं तीनदा चहा दिला, एकदाही विचारलं नाही.

पाच वाजून दहा मिनिटं. लीद झाली. मऊ.
अब्बांनी वाचलं आणि हसले,
म्हणाले, इतक्या खुशीनं लीद कुणी लिहिली नसंल.

मार्गशीर्षात बोकारे आले, पिकअप घेऊन.
माळेगावच्या बाजारात काढायची म्हणाले.
थकलेले पैसे मोजून दिले, त्यात खोट नाही.
पान मागितलं. घेणाऱ्याला दाखवायला बरं पडतं,
घोडी नीट सांभाळली म्हणून.
वाचता वाचता बोट थांबलं.
ही सही कुणाची?
माझी.
खोडा ती. घेणारा विचारंल, मालक किती हैत.

एक रेघ मारली. पान फाडून दिलं.
किशमिश पिकअपात चढताना मागं वळली वगैरे काही नाही,
तिचं लक्ष चंदीच्या पाटीकडं होतं.

पुढच्या पानावर आता एक तट्टू आहे, अर्धापूरचं, चावरं.
दिवा तिरका धरला की त्याच्या मालकाच्या नावाखाली
माझं नाव उठून दिसतं, बिनशाईचं.

परवा अनोळखी नंबर.
बाई, पानाच्या कोपऱ्यात हा फोन होता.
घोडी घेतलीय माळेगावातून, चंदीला तोंड लावंना.
म्हणलं, रात्री भिजवता का?
नाही.
भिजवा. आणि डावीकडून जाऊ नका.
ते उलसं थांबले. म्हणाले, ते कळलं.

नाल बदलायला झालेत तिचे, चाळीस दिवस होऊन गेले.
तुमचं नाव सांगा, म्हणलं, लिहून ठेवते.
खुंटीवरची वही काढली,
पेन कानावर होतं ते तिथंच राहू दिलं,
शिसपेन शोधली.